पाहुण्यांसाठी शेंगोळे

लातूरच्या माणसाला बाजार दाखवायला नेऊ नये. बाजार म्हणजे काय असतं हे जगाला आपणच शिकवलं, असं त्याच्या डोक्यात आधीपासून पक्कं बसलेलं असतं. मीही त्यातलाच. मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, माझी अडत आहे आणि तूर, हरभरा, सोयाबीनच्या पोत्यांत हात घालण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा नावाच्या शहरात, लेकीने आम्हा नवरा-बायकोला तिथल्या सगळ्यात मोठ्या बाजाररस्त्याच्या तोंडाशी उभं केलं आणि विचारलं, "कसा वाटतो, पप्पा?" तेव्हा मी म्हणालो, "चांगला हाय. पर एकच रस्ता? आपल्या गंजगोलाईच्या चौकातून सोळा फुटतात."

"अवो, इथं तरी गप बसा," बायको म्हणाली. ती हदगावकडची. तिकडची माणसं कमी बोलतात आणि वर्मावर बोलतात.

रस्ता खरं तर देखणा होता. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांसमोर ताडासारखी झाडं, आणि समुद्राची दमट हवा. इतकी गर्दी, पण हॉर्न नाही. पहिल्या दिवशी मला त्या शांततेचाच त्रास झाला. जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या दारात मातीच्या सिंहांची जोडी बसवलेली. राखणीसाठी असते म्हणे. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. बायकोने एक जोडी नीट निरखली आणि लेकीला म्हणाली, "हे आमच्या दोघांचंच केलंय बघ. उघडं तोंड कुणाचं ते इचारू नको."

एका दुकानात काचेच्या बरण्यांत दारू होती आणि दारूत वेटोळं घातलेला साप. बायकोचे हात आपोआप जोडले गेले. मग नागोबा दारूत बसलाय हे लक्षात आलं आणि तिने ते पटकन सोडले. पुढे जांभळ्या रताळ्याची मिठाई, मिठाचं आइस्क्रीम, लाल-पिवळ्या फुलांचे शर्ट. जुन्या मंडईत डुकराचं अख्खं तोंड टांगलेलं दिसलं तेव्हा तिने पदर नाकाला लावला आणि पुढचा सगळा रस्ता माझ्या चपलांकडे बघत काढला. पण मंडईतून बाहेर आल्यावर तिला कारली दिसली. हिरवीगार, जाडजूड, आमच्याकडच्या दुप्पट. तिने एक उचललं, नखाने टोचलं, आणि तिचा चेहरा बदलला. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं ते होतं.

मला माझं ओळखीचं दोन दुकानं सोडून भेटलं. गूळ. काळा, चौकोनी तुकडे केलेला. दुकानदारीण बाईंनी चाखायला एक तुकडा पुढे केला. मोंढ्याच्या सवयीने मी तो आधी मोडला, आतला रवा पाहिला, उजेडाकडे धरला, वास घेतला आणि मग तोंडात टाकला. बाई माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तशी बघत राहिली. किंचित खारट, पण अस्सल. लेकीला म्हणालो, "सांग तिला, पास हाय." लेकीने काय सांगितलं कोण जाणे, पण बाई कमरेतून वाकली. मीही वाकलो. मग ती पुन्हा वाकली. हे किती वेळ चालतं ते मला माहीत नव्हतं, शेवटी लेकीने मला ओढून नेलं.

आता लेकीबद्दल सांगतो, कारण आम्ही तिथं फिरायला गेलो नव्हतो.

आमच्या लातुरात मूल दहावीला गेलं की ते घरचं राहत नाही, क्लासचं होतं. लेकीनेही ते सगळं केलं. पहाटेचा क्लास, दुपारचं कॉलेज, संध्याकाळची टेस्ट. मेडिकलला मात्र नंबर लागला नाही. दुसऱ्यांदाही लागला नाही. दुसऱ्यांदा निकाल लागला ती संध्याकाळ आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. कुणी भाजी आणायला गेलं नव्हतं, म्हणून बायकोने शेंगोळे केले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तिखट, मीठ, लसूण घालून मळायचं, तळहातावर वळून त्याच्या बारीक दोऱ्या करायच्या, दोन टोकं जुळवून कडी करायची आणि लसणाची फोडणी दिलेल्या झणझणीत पाण्यात त्या उकळून काढायच्या. घरात भाजी नसली की करायचा हा पदार्थ. पाहुण्यांपुढे कुणी ठेवत नाही. माझी आई शेंगोळे केले की दार लोटून घ्यायची, आणि कुणी आलंच तर पातेल्यावर परात पालथी घालायची. त्या संध्याकाळीही तसंच झालं. आम्ही जेवायला बसलो आणि शेजारचे सर पेढे घेऊन आले. त्यांच्या मुलाचा नंबर लागला होता. बायकोने हसून पेढा घेतला, "बसा की सर" म्हणाली आणि म्हणता म्हणता पातेलं झाकलं. लेक ताट तसंच ठेवून आत निघून गेली.

तिसऱ्यांदा परीक्षेला बसायला तिने नकार दिला. पुण्याला जाऊन जपानी शिकली. कुणाच्या ओळखीशिवाय, कुणाच्या शिफारशीशिवाय नाहातल्या एका हॉटेलात स्वागताच्या टेबलावर नोकरी मिळवली. आमच्या सात पिढ्यांत समुद्र ओलांडलेला माणूस नाही, आणि ही पोरगी तिथं जाऊन त्यांच्या भाषेत त्यांनाच खोलीची किल्ली देत होती. मला तिचा तेव्हाही अभिमान होता आणि मी तो मोंढ्यात सगळ्यांना ऐकवायचो. लोक कंटाळायचे. मी ऐकवायचो.

सुट्टीच्या दिवशी ती त्या मोठ्या रस्त्याच्या मागे असलेल्या गल्लीत जायची. गल्लीवर छप्पर आहे, आत वर्षानुवर्षांची छोटी छोटी दुकानं आहेत. चहाचं, सुक्या मासळीचं, छत्र्यांचं. तिथं ऐंशीच्या पुढच्या एका आजींचा खाण्याचा गाळा होता. गाळा म्हणजे एक शेगडी, एक ओटा आणि समोर पाच-सहा स्टुलं. आजी तळलेले गोड गोळे विकायच्या. आम्ही तिथं गेल्यावर लेकीने ते खायला दिले तेव्हा मी आणि बायको एकदमच म्हणालो, "गुलगुले." लेक आजींकडे खायला म्हणून जायची, मग भांडी विसळू लागली, मग तळू लागली. आजींची बोटं सुजायला लागली तसा तिचा हात तिथं वाढत गेला. आणि एक दिवस तिने आम्हाला फोन करून सांगितलं की तिला हॉटेल सोडून तो गाळा चालवायचा आहे.

आजींची हरकत नव्हती. पण त्यांची एक अट होती, आणि गल्लीतल्या बाकीच्या जुन्या दुकानदारांनीही ती उचलून धरली होती. गोड गोळे आजींचे, ते खायला लोक आजींकडे येतात. गाळा लेकीचा व्हायचा असेल तर तिने एक दिवस तिच्या घरचं काहीतरी करून गल्लीला खाऊ घालायचं. ते खाऊन लोक पुन्हा यायला तयार असले तर गाळा तिचा. नाहीतर शेजारचा शर्टवाला दुकान वाढवायला टपून बसलेलाच होता.

"आई, तू ये," लेक फोनवर म्हणाली होती. "मला एकटीला न्हाई जमणार."

म्हणून आम्ही गेलो होतो. बायकोने धपाटे ठरवले. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. पाहुण्यांपुढे मान वर करून ठेवावा असा पदार्थ. विमानात पीठ आणू नका, तपासणीत अडकतं, असं लेकीने बजावलं होतं, त्यामुळे घरचं फक्त काळं तिखट बरोबर होतं, पुड्यात पुडी घालून बांधलेलं. राहिला प्रश्न ज्वारीचा.

आणि तिथं मी कामाला आलो. गल्लीच्या टोकाला धान्याचं एक दुकान होतं. तांदळाचे दहा प्रकार, कडधान्यं, तीळ. मी सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या एका डब्यापाशी थांबलो. तांबडे, गोल, टपोरे दाणे.

"ही जवारी हाय," मी म्हणालो.

लेक म्हणाली, "पप्पा, इथं भात खातात."

"खाऊ दे. ही जवारीच हाय."

तिने दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, हो, हे इथलं जुनं धान्य, आता फार कुणी पेरत नाही, सणाला थोडं लागतं म्हणून ठेवतो. मी बायकोकडे असं बघितलं, जणू ते धान्य मीच तिथं पेरलं होतं. मग मूठभर घेतलं, चार दाणे तोंडात टाकले आणि दाताखाली फोडले. दाणा आमच्या शाळूपेक्षा जरा चिवट लागला. पण समुद्राकाठचा माल, हवेने नरमला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मोंढ्यात देतो तसा निकाल दिला.

संध्याकाळी लेकीच्या खोलीवर ती ज्वारी मिक्सरमधून काढली. बायको म्हणाली, "एक धपाटा करून बघावा का?" लेकीचीही तीच इच्छा होती. पण धान्य होतं मोजकंच, दुकानातलं सगळं आम्ही उचललेलं. मी म्हणालो, "जवारीला काय करून बघायचं? तिला काय जपानी येतंय का?" दोघी हसल्या आणि पीठ डब्यात भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाळ्यावर गेलो. आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एवढीशी बाई, पण पाठ ताठ. त्या दिवशी त्यांनी शेगडीला हात लावायचा नव्हता. लेकीने दारावर पाटी लावली होती, त्यावर धपाट्याचं चित्र काढलं होतं. गल्लीतले लोक जेवणाच्या वेळेला येणार होते.

बायकोने परातीत पीठ घेतलं, चिमटीत धरून चोळलं आणि तोंड वाकडं केलं. मिक्सरचं पीठ, रवाळ. त्यात साठवणीतला दाणा. आपल्याकडे पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली की भाकरी थापताना चिरते. मग बाया काय करतात, पाणी उकळून ओततात, म्हणजे पिठाला चिकटपणा येतो. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. बायकोने पाणी खळखळ उकळलं आणि ओतलं.

पीठ बघता बघता बदललं. आधी चमकलं. मग आक्रसलं. बायकोने हात घातला तो हात बाहेर येईना. आला तो कोपरापर्यंत तारा घेऊन आला. तिने थोडं पीठ वेगळं काढून त्यात कांदा-कोथिंबीर घातली, कोरडी कणीक लावली, ओल्या फडक्यावर गोळा ठेवून थापायला घेतला. फडकं उचललं तर धपाटा फडक्यालाच. तव्यावर फडकं पालथं करून पाणी मारलं, हळूहळू सोडवलं, तर अर्धा तव्याला आणि अर्धा फडक्याला. दुसराही तसाच. तिसऱ्याला ती थांबली.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आजी काहीतरी बोलल्या. लेकीने ऐकलं आणि आमच्याकडे वळली. "आई, ही ज्वारी चिकट जातीची हाय. इथं हिची चिकट वडी करतात सणाला. हिला गरम पाणी लागतच न्हाई."

माझा चिवट दाणा मला आठवला. मी सिंहाच्या जोडीतल्या मिटलेल्या तोंडाचा झालो.

"सगळं पीठ भिजवून बसले की गं मी," बायको म्हणाली. तिचे दोन्ही हात लगद्याने भरलेले, डोळे भरून आलेले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही. "तुझं सगळं बिघडवून राहिले मी. टाकून देऊ हे. कणकेच्या पुऱ्या कर. काहीबी कर."

शेजारी शर्टवाला त्याच्या दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. वाईट माणूस नव्हता तो, पण मला त्या वेळी त्याचा राग आला. गाळ्याची लांबी तो डोळ्यांनीच मोजतोय असं मला वाटत होतं.

लेकीने परात स्वतःकडे ओढली. थोडं बेसन, थोडी कणीक, तिखट, हळद, ठेचलेला लसूण घातला. तळहाताला तेल लावलं, बोराएवढा गोळा घेतला आणि दोन हातांत फिरवला. त्या लगद्याची दोरी झाली. लांब, सरळ, कुठंही न तुटता. आमच्याकडे शेंगोळे वळताना दोरी अर्ध्यात तुटते, मग पुन्हा गोळा, पुन्हा वळ. ही तुटली नाही. तिने टोकं जुळवून कडी केली आणि ताटात ठेवली.

बायकोने ती कडी बघितली आणि तिच्या लक्षात आलं. "शेंगोळे?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला, जणू गल्लीत कुणाला मराठी कळणार होतं. "आज? पाहुण्यायला शेंगोळे घालतं का कुणी?"

"आई, घरचं कर म्हणाल्यात त्या."

"घरचं म्हंजे चांगलं घरचं. हे न्हाई. लोक काय म्हणतील?"

लेकीचे हात चालूच होते. "आई, दुसरा निकाल लागला त्या दिवशी तू हेच केलं होतंस. तेव्हा पेढे आले आणि तू पातेलं झाकलंस. मी आत जाऊन रडले ते निकालासाठी न्हाई रडले. मला लई भूक लागली होती आणि मला ते शेंगोळे खायचे होते."

एवढ्या वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं. मग बायको नळाशी गेली, हात धुतले, पदर खोचला, तळहाताला तेल लावलं आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. "बारीक वळ," ती म्हणाली. "जाड झाले की आत कच्चे राहतात."

मला लसूण सोलायला बसवलं. मोंढ्यातल्या माझ्या गादीवर मी कधी पाण्याचा पेलाही हाताने घेत नाही, आणि तिथं भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी लसूण सोलत बसलो होतो. एक परदेशी जोडपं थांबून माझा फोटो काढून गेलं. काढू दे म्हटलं, नीट काढा.

बायकोने फोडणी दिली. लसूण, जिरं, शेंगदाण्याचं कूट, आणि वरून काळं तिखट. तिने पुडी उघडली तसा वास गल्लीत पसरला आणि चहावाल्याने मान बाहेर काढली. ती तिखटाचा दुसरा चमचा घालायला गेली तर लेकीने मनगट धरलं. "अर्धा."

"अर्ध्यात काय लागणार?"

"आई, ते मरतील."

अर्ध्यावर तडजोड झाली, पण बायकोने ती मनातून नापास केल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाण्याला उकळी फुटली, कड्या आत गेल्या. थोड्या वेळाने सगळ्या वर आल्या, फुगलेल्या, तांबूस, एकही न फुटता. बायको वाकून बघतच राहिली. इतके गुळगुळीत शेंगोळे तिच्या हातून जन्मात झाले नव्हते.

लेकीने दारावरची पाटी पुसली. धपाट्याच्या चित्राच्या जागी कडीचं चित्र काढलं.

लोक आले. चहावाले, सुक्या मासळीच्या दुकानातल्या बाई, छत्रीवाले आणि त्यांची बायको. शर्टवालाही आला. लेकीने वाटग्यांत शेंगोळे आणि रस्सा वाढला. तिथली माणसं रश्शातल्या शेवया सुरसुर आवाज करत ओढतात, ते आम्ही आदल्या दिवशी पाहिलं होतं. आता तोच आवाज माझ्या बायकोच्या शेंगोळ्यांमागून यायला लागला. मासळीवाल्या बाईंच्या नाकातून पाणी येत होतं. त्या रुमालाने पुसायच्या आणि पुन्हा वाटग्यात वाकायच्या. छत्रीवाल्यांनी काड्यांनी एक कडी उचलली, तिच्यातून आपल्या बायकोकडे बघितलं आणि दोघं हसली. शर्टवाल्याने दुसरा वाटगा मागितला. त्याच्यावरचा माझा राग तिथंच गेला.

आजी सगळ्यात शेवटी जेवल्या. सावकाश, एकेक कडी. गल्लीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना ते माहीत होतं, पण त्यांनी घाई केली नाही. रस्सा संपवला. वाटगा ओट्यावर ठेवला. मग लेकीला काहीतरी विचारलं आणि बायकोकडे बोट केलं.

लेकीने बायकोकडे बघितलं. "आई, त्या विचारतायत, हे तुम्ही पाहुणे आले की करता का?"

मी लेकीला डोळ्याने खुणावलं की हो सांग. एवढं जमून आलेलं, आता कशाला. पण बायको हदगावकडची. तिने आजींकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "न्हाई. आमच्यात हे पाहुण्यायला देत न्हाईत. घरचे घरी खातो."

लेकीने ते तसंच सांगितलं. मी खाली लसणाच्या सालांकडे बघत बसलो.

आजी हसल्या. दात फार उरले नव्हते, पण हसू मोठं होतं. त्या बोलत गेल्या आणि लेक सांगत गेली. त्यांचे गोड गोळेसुद्धा आधी घरचेच होते. घरात दुसरं काही नसताना त्यांची आई पीठ आणि गूळ कालवून तळायची. ते विकायला बसल्या तेव्हा नातेवाईक नाकं मुरडत होते. मग त्या स्टुलावरून उतरल्या, ओट्यामागे आल्या, ताटात उरलेल्या पिठाचा गोळा घेतला आणि बायकोपुढे धरला. बायकोने त्यांच्या तळहाताला तेल लावलं. त्या सुजलेल्या बोटांनी त्यांनी एक दोरी वळली. वाकडीतिकडी झाली. बायकोने टोकं जुळवून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण "आणखी बारीक" हे बायको मराठीतच सांगत होती आणि आजी तसं करत होत्या.

निघताना आजी लेकीला एवढंच म्हणाल्या की उद्यापासून त्या गिऱ्हाईक म्हणून येतील, कोपऱ्यातलं स्टूल त्यांचं, ते कुणाला द्यायचं नाही.

लेक मान खाली घालून उभी राहिली. आजी गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या तरी ती तशीच उभी होती. मग वळली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बायकोच्या हातांना तेल होतं म्हणून तिने मनगटांनीच तिला धरलं. मला त्या क्षणी वाटलं की सगळा मोंढा इथं आणून उभा करावा आणि म्हणावं, बघा. ही माझी पोरगी. परक्या मुलखात, परक्या भाषेत, बिघडलेल्या पिठातून स्वतःची जागा वळून घेतली तिने. तेवढा मोठा अभिमान मला आयुष्यात कशाचाच वाटलेला नाही, माझ्या अडतीचाही नाही.

आम्ही आणखी काही दिवस राहिलो. रोज सकाळी मी धान्याच्या दुकानात चक्कर मारायचो. दुकानदाराने माझ्यासमोर आणखी ज्वारी मागवण्यासाठी कुठल्याशा बेटावर फोन लावला. मी बाजूला उभा राहून, समजत नसलेल्या बोलण्यावर, मान डोलावत होतो.

लातूरला परतलो. चार दिवसांतच संध्याकाळी शेजारचे सर आले, बायकोसह. त्यांचा मुलगा डॉक्टर होऊन आता मोठ्या शहरात असतो. चांगली माणसं आहेत, आमचं कधी वाकडं झालेलं नाही. ते आमच्या प्रवासाची हकीकत ऐकायला आले होते, आणि बायकोने त्यांना जेवायलाच थांबवलं. मी सरांना साप घातलेली दारू सांगितली, सिंहांची जोडी सांगितली, काळा गूळ सांगितला. सोळा रस्त्यांचंही सांगितलं. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी बोलता बोलता अडखळलो. तो वास दार लोटून घेतल्यानंतरचा होता. आमचं दार सताड उघडं होतं.

बायको पातेलं घेऊन बाहेर आली. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली स्टीलची नवी ताटं मांडली, वाट्या ठेवल्या आणि सरांच्या वाटीत शेंगोळे वाढले. सरांच्या बायकोने माझ्या बायकोकडे बघितलं. तिला पदार्थ ओळखीचा होता आणि पाहुण्याच्या ताटात तो तिने कधी पाहिला नव्हता.

सरांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मग काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "बरं, मग लेक काय करते आता तिथं?"

मी घसा साफ केला. माझ्याकडे लांबलचक उत्तर तयार होतं.

"हेच," बायको म्हणाली, आणि सरांच्या वाटीत आणखी दोन पळ्या वाढल्या.